ओढलं बटण, झाला प्रोग्रॅम

कस्तुरा कॉम्प्युटर शिकली ती लग्नासाठी. तिने नोकरी करावी असं तिच्या माहेरी, चऱ्होलीत, कुणाच्या डोक्यात नव्हतं. पण दोन हजार एक साली येणारी स्थळं पत्रिकेसोबत मुलीची माहितीही टाइप केलेली मागत, आणि 'स्वयंपाकाची आवड' याच्या खाली आणखी एक ओळ असली की कागद भरल्यासारखा दिसे. म्हणून वडिलांनी तिला भोसरीच्या एका क्लासात घातलं. सहा महिन्यांचा कोर्स, सर्टिफिकेट लॅमिनेट करून मिळेल.

क्लासच्या सरांनी व्हिज्युअल बेसिक शिकवलं. पडद्यावर एक करडा, रिकामा चौकोन आला. सर म्हणाले, हा फॉर्म. डावीकडे बटणं, खोकी, याद्या अशा मांडलेल्या होत्या जशा मिसळणाच्या डब्यात वाट्या. हवी ती उचलायची, फॉर्मवर आणून ठेवायची. बटणावर दोनदा क्लिक केलं की ते दाबल्यावर काय व्हावं हे लिहायला जागा उघडायची. लिहायचं, एफ-फाइव्ह दाबायचं, चालू. चुकलं तर चुकलेल्या ओळीवर पिवळा पट्टा. दुरुस्त करायचं, पुन्हा चालू. पहिल्या तासात तिने दोन आकड्यांची बेरीज करणारी खिडकी बनवली आणि तिला वाटलं, एवढंच असतं होय. पुढे वीस वर्षं तिच्या घरच्यांनाही तसंच वाटत राहिलं.

लग्न निघोज्यात झालं. नवरा शेखर, थोरले दीर सोपानराव. घराण्याची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली तेव्हा आलेल्या पैशांतून सोपानरावांनी उरलेल्या तुकड्यावर प्रेसचा कारखाना टाकला आणि आईच्या, अंबुबाईच्या नावाने त्याचं नाव ठेवलं, अंबु प्रेसिंग्ज. चाकणच्या एका मोठ्या कंपनीला गाड्यांचे लोखंडी ब्रॅकेट पुरवायचे. प्रत्येक क्रेटवर स्टिकर लागायचा: पार्ट नंबर, लॉट नंबर, नग. हे स्टिकर शेखर हाताने लिहायचा. शेखर माणूस चांगला, पण त्याचा सात आणि एक यांत फारसा फरक नसे. महिन्यातून दोनदा टेम्पो कंपनीच्या गेटवरून परत यायचा.

कस्तुरा एकदा डबा द्यायला गेली होती तेव्हा असाच टेम्पो परत आलेला होता आणि सोपानराव सगळ्यांची आई-बहीण एक करत होते. ऑफिसात एक कॉम्प्युटर होता. त्यावर पत्ते खेळत. कस्तुराने माहेराहून क्लासच्या सरांनी दिलेली सीडी आणली आणि तीन दुपारी, भांडी घासून झाल्यावर, प्रोग्रॅम तयार केला. यादीतून पार्ट निवडायचा, नग टाकायचे, बटण दाबायचं, स्टिकर बाहेर. लॉट नंबर तारखेवरून आपोआप. त्यानंतर चुकीच्या स्टिकरमुळे टेम्पो परत आला नाही. एकदाही नाही.

"मग काय म्हणतोय तुमच्या भावजयीचा कॉम्प्युटर?" कुणी विचारलं की सोपानराव म्हणत, "तिचं काय त्यात, ते सॉफ्टवेअरच तसलं हाय. बटण वढलं की झालं."

घरात कुकर आला तेव्हापासून स्वयंपाकाबद्दलही असंच म्हटलं जात होतं.

पण बटण ओढणाऱ्या बाईला ऑफिसात एक खुर्ची मिळाली. खिडकीशेजारी, पंख्याखाली. कस्तुरा सकाळी दहाला तिच्यावर बसायची आणि सहाला उठायची. हुद्दा काही नव्हता, घरचीच म्हणून. पगारपत्रकात नाव नव्हतं, घरचीच म्हणून. पण अकरा माणसांच्या घरात दहा ते सहा एका बाईला कुणी 'अगं, जरा चहा टाक' म्हणू शकत नाही, याची किंमत ज्या बाईने मोजली आहे तिलाच कळेल. अधूनमधून चाकणच्या बाजारातला गुलजार येऊन त्या कॉम्प्युटरचा पंखा बदलून जाई. "भाभी, आता दहा वर्षं बघायचं काम नाही," असं तो दर तीन वर्षांनी सांगे.

अशी वीस वर्षं गेली. मग सोपानरावांचा जयदीप इंजिनिअर झाला.

ताथवड्याच्या कॉलेजात चार वर्षं, मग हिंजवडीत एका कंपनीत अकरा महिने. तिथला मॅनेजर टॉक्सिक निघाला, म्हणून जयदीप घरच्या कारखान्यात परतला. त्याच सुमाराला मोठ्या कंपनीचं पत्र आलं. एक नोव्हेंबरपासून प्रत्येक स्टिकरवर मोबाइलने वाचता येणारा चौकोनी कोड हवा. नसेल तर माल गेटवरूनच परत.

कस्तुराने पत्र वाचलं आणि म्हणाली, "मी बघते." सोपानराव म्हणाले, "तू कशाला, आता इंजिनिअर हाय की घरात."

जयदीपने तिचा पडदा पाहिला. करडा फॉर्म, करडी बटणं, वर निळी पट्टी.

"काकू, हे म्युझियममध्ये ठेवायला पाहिजे."

"ठेव की. आधी आजचे स्टिकर निघू देत."

"सिरियसली, यात कोड बघितला का कुणी? व्हेरिएबलला 'पिशवी' नाव दिलंय."

"त्यात नग ठेवायचे असतात," कस्तुरा म्हणाली.

ठरलं असं की जयदीप नवीन सॉफ्टवेअर बनवेल. दसऱ्यानंतर कस्तुराने घरी बसायचं. हे सोपानरावांच्या बायकोने, जयमालाने, सांगितलं. "लई केलंस बाई कारखान्यासाठी," जावेने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "आता आराम कर. माझ्या गुडघ्यांनी काही आता उभं राहवत नाही ओट्याशी." आराम म्हणजे काय ते एका वाक्यात स्पष्ट झालं. दसरा झाला की कस्तुरा खुर्चीवरून उठून ओट्याशी उभी राहणार, आणि मग तिथून उठवायला कुणी पत्र पाठवणार नव्हतं.

कस्तुराला वाटलं, दोन-तीन दिवसांचं काम आहे, पोरगा करून टाकील.

आठ दिवसांनी सोपानरावांनी विचारलं, "कुठवर आलं?"

"एन्व्हायर्नमेंट सेटअप चाललंय, पप्पा."

"म्हंजी?"

"म्हणजे सॉफ्टवेअर लिहायला जे लागतं ते आधी बसवतोय."

"अन् लिव्हणार कवा?"

"बसलं की. एका पॅकेजला दुसऱ्याचं जुनं व्हर्जन लागतंय, तिसऱ्याला नवं. त्यांचं एकमेकांत जमत नाहीये."

"भावकीवानी," सोपानराव म्हणाले, आणि त्यांना पटलं. सातबाऱ्यावर सोळा नावं असलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

महिन्याने जयदीपच्या लॅपटॉपवर एक पान उघडू लागलं. मधोमध अंबु प्रेसिंग्जचा लोगो गरगर फिरायचा. त्याखाली लॉगिन. लॉगिन केलं की पुन्हा लोगो फिरायचा. सगळं मिळून त्याने डिस्कवर इतकी जागा खाल्ली होती की तेवढ्यात कस्तुराचा प्रोग्रॅम दीडशे वेळा मावला असता. स्टिकर काढायचं बटण अजून व्हायचं होतं. "ते सोपं आहे, शेवटी करणार," जयदीप म्हणाला.

दुसऱ्या महिन्यात तो स्वतः लिहीनासा झाला. एआयला विचारायचा, एआय कोड द्यायचा, जयदीप चिकटवायचा. चाललं नाही तर पुन्हा विचारायचा. दर उत्तराच्या सुरुवातीला एआय त्याला 'तुमचं अगदी बरोबर आहे' म्हणे. आईवडिलांनंतर जयदीपला असं सांगणारं जगात हे तिसरंच कुणी होतं, त्यामुळे दोघांचं छान जमलं.

"म्हंजी लिव्हतो तोच," सोपानरावांनी शंका काढली. "मग तू काय करतो?"

"आर्किटेक्चर," जयदीप म्हणाला.

पण बाहेर सोपानरावांचा सूर निराळा असे. वसाहतीतल्या दुसऱ्या कारखानदारांना ते चहा पाजून सांगत, "पोरगं तीन म्हैनं झटतंय. दिसतं तसं न्हाई ते. लई अवघड काम हाय." त्या वेळी तीन दुपारींत प्रोग्रॅम करणारी बाई खिडकीशेजारी बसून स्टिकर काढत असायची. जी गोष्ट बाईने पटकन केली ती सोपी होती, आणि जी गोष्ट मुलग्याला जमत नव्हती ती अवघड होती. या घराण्यात अवघडपणा मोजायचं दुसरं माप नव्हतं.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली. दरवर्षी प्रेसच्या मशिनांनंतर कस्तुराच्या कॉम्प्युटरला हळद-कुंकू लागायचं. यंदा झेंडूची माळ जयदीपच्या लॅपटॉपला घातली. एक पाकळी कीबोर्डात अडकली आणि पुढे दोन दिवस त्याला 'के' हे अक्षर उमटवता आलं नाही. ऑफिसात त्याच बनावटीचा नवा स्टिकर प्रिंटर आला होता, म्हणून जुना कॉम्प्युटर आणि जुना प्रिंटर दोन्ही सोपानरावांनी कस्तुराला देऊन टाकले. "भंगारात काय येतंय त्याचं. न्हे घरी, दीक्षा खेळंल." दीक्षा म्हणजे कस्तुराची मुलगी, एकोणीस वर्षांची, बीकॉमला.

नोव्हेंबरपर्यंत काम अडू नये म्हणून कस्तुराने जाताना जुना प्रोग्रॅम ऑफिसातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर चढवून दिला. एक फाइल, एक पेनड्राइव्ह, दोन मिनिटं. जयदीप बघत होता. त्याचं सॉफ्टवेअर अजून फक्त त्याच्याच लॅपटॉपवर चालायचं. ते दुसरीकडे का चालत नाही हे एआयने त्याला तीन निरनिराळ्या कारणांनी पटवून दिलं होतं.

घरी कस्तुराने कॉम्प्युटर धान्याच्या कोठीवर मांडला. सकाळी अकरा जणांच्या भाकऱ्या, दुपारी दोन ते चार मोकळं. प्रिंटरच्या खोक्यात तळाशी एक पुस्तिका होती, वीस वर्षांत कुणी न उघडलेली. तिने ती वाचायला घेतली, दुसरं वाचायला काही नव्हतं म्हणून. एकोणचाळिसाव्या पानावर लिहिलं होतं की चौकोनी कोड हा प्रिंटर स्वतःच काढतो. त्याला फक्त एक ठरावीक ओळ पाठवायची, कोडात काय हवं ते सांगायचं.

तिने जुना फॉर्म उघडला, स्टिकरच्या बटणावर दोनदा क्लिक केलं, आत ती ओळ घातली. एफ-फाइव्ह. पिवळा पट्टा आला. स्वल्पविराम राहिला होता. पुन्हा एफ-फाइव्ह. प्रिंटरने जीभ बाहेर काढावी तसा स्टिकर बाहेर काढला.

दीक्षाने मोबाइल धरला. "आई, हा वाचतोय. 'तूरडाळ, दोन किलो' म्हणतोय."

त्या आठवड्यात घरातल्या सगळ्या डब्यांना कोड लागले. पोहे, शेंगदाणे, नाचणीचं पीठ, अंबुबाईंच्या गोळ्यांचा डबा. जयमाला म्हणाली, "आता डाळ कुठली ते बघायला बी मोबाइल लागणार व्हय?" कस्तुरा म्हणाली, "डबा उघडला तरी चालतं, ताई." कोडाची ती एक ओळ नव्या सॉफ्टवेअरमध्ये किती दिवसांत बसली असेल, हे तिने कुणाला विचारलं नाही. तिला कुणीही काही विचारलं नव्हतंच.

एक नोव्हेंबरला शनिवार होता. लोगो फिरला, लॉगिन झालं, बटण दाबलं आणि चौकोनी कोड असलेले स्टिकर निघाले. कंपनीने माल घेतला. सोपानरावांनी पेढे वाटले. जयदीपने मोबाइलच्या स्टेटसला रॉकेटचं चित्र लावलं, लॅपटॉप प्रिंटरला जोडलेलाच ठेवून सुपरवायझरला बटण कुठलं ते दाखवलं आणि मित्रांबरोबर मुळशीला गेला. घरी पेढा कस्तुराच्याही हातावर आला. तिने तो अर्धा खाल्ला आणि पीठ मळायला घेतलं. आता हेच.

रविवारी सकाळी दहाला करीमचा टेम्पो लागला. अठरा क्रेट, कंपनीच्या गेटवर बाराच्या आत पोहोचायचे. सुपरवायझरने बटण दाबलं. पडद्यावर गुळगुळीत अक्षरांत पाटी आली: आज सुट्टीचा दिवस आहे. कृपया कामाच्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा.

सोपानरावांना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून पाटी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली.

या पट्ट्यातले बहुतेक कारखाने गुरुवारी बंद असतात. विजेच्या जुन्या वेळापत्रकामुळे पडलेली रीत, पण आता ती हाडात मुरलेली. मुलगी बघायला जायचं ते गुरुवारी, कटिंग गुरुवारी, बँकेची कामं गुरुवारी. गुरुवार दत्ताचा, म्हणून सुट्टीच्याच दिवशी घरात मटण शिजत नाही, ही सोपानरावांची तीस वर्षांची तक्रार. रविवारी इथे मशिनं धडधडत असतात. हे निघोज्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. नव्हतं ते ताथवड्याला शिकलेल्या जयदीपला आणि त्याच्या एआयला. जयदीप तीन महिने रविवारी स्वतः सुट्टी घेत होता, त्यामुळे रविवारी सॉफ्टवेअर काय करतं हे बघायला तिथे कुणी नव्हतं.

"शेट," करीमने टेम्पोतून उतरत विचारलं, "कंपनीला फोन करून सांगू का, आज तुम्ही पण घरी बसा म्हणून?"

सोपानरावांनी मुळशीला फोन लावला.

"पप्पा, ते कॅलेंडरचं पॅकेज रेडिमेड आहे. त्यात संडे ऑफ असतो."

"कुणाच्यात?"

"सगळ्या जगात."

"जगात असंल. निघोज्यात न्हाई. काढ ते."

"एकच ओळ आहे. तुम्ही लॅपटॉपवर ती काळी खिडकी उघडा, मी सांगतो तसं टाइप करा."

सोपानरावांनी आयुष्यात कागदावर सही सोडून काही लिहिलं नव्हतं. एका बोटाने त्यांनी टाइप केलं. लॅपटॉप विचारात पडला आणि मग म्हणाला की पुढे जाण्याआधी अठ्ठेचाळीस गोष्टी अपडेट कराव्या लागतील. एक निळी रेघ मुंगीच्या पावलाने सरकू लागली. करीमने घड्याळात पाहिलं. साडेदहा. दुसऱ्या कॉम्प्युटरवरचा कस्तुराचा जुना प्रोग्रॅम चालू होता, पण त्या स्टिकरवर कोड नव्हता आणि तसा माल गेटवरून परत येणार होता.

सोपानराव गाडी घेऊन घरी आले आणि चपला न काढता स्वयंपाकघराच्या दारात थांबले. त्या दारात ते सहसा येत नसत. कस्तुरा भाकरी थापत होती. तिने पदर सारखा केला.

"कस्तुरा, जयदीपचं सॉफ्टवेअर म्हणतंय आज सुट्टी हाय. ते आपलं जुनं... त्यात कोड काढता यील का?"

कस्तुराने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग फळीकडे बघितलं. सोपानरावांनीही बघितलं. तूरडाळ, पोहे, शेंगदाणे, नाचणी. रांगेने चौकोनी कोड लावलेले डबे. सोपानरावांनी मोबाइल काढून एका डब्यावर धरला.

"अंबुबाई, सकाळची गोळी," त्यांनी वाचलं. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. मग म्हणाले, "कवा केलंस?"

"दोन दुपारी गेल्या."

"मग बोलली न्हाईस ती?"

"तुम्ही इंजिनिअरला सांगितलं होतं."

"बरं, ते राहू दे. कशात हाय ते? दे इकडं, मी जातो घेऊन."

"पेनड्राइव्हमध्ये आहे," कस्तुरा म्हणाली. "पण तो एकटा येत नाही, भावजी."

"मग चल की गाडीत."

"आज तर सुट्टी आहे म्हणं."

शेगडीशेजारी पाटावर बसलेली जयमाला मेथी निवडता निवडता थांबली. सोपानरावांचा फोन वाजला. करीम होता. त्यांनी तो कापला.

"काय पायजे तुला?" त्यांनी विचारलं. आवाजात चीड होती, पण प्रश्न खरा होता. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांनी तिला पहिल्यांदा विचारला होता.

कस्तुराने भाकरी उलटली. "माझी खुर्ची. आणि उद्यापासून ह्या तव्याशी कोण उभं राहणार ते आत्ता ठरवा. नाहीतर मी आज स्टिकर काढून येईन आणि उद्या परत तुम्ही दारात याल. परवाच्या दिवशीही."

"जयमाला हाय की."

"माझं गुडघं," जयमाला म्हणाली.

"मग बाई लावू स्वयंपाकाला."

"फोन करा."

"आत्ता?"

"पेठेतल्या साबियाताईंचा नंबर दीक्षाकडं आहे, त्या बघून देतात बायका. भाकरी फुगेपर्यंत होईल बोलणं."

सोपानरावांनी फोन केला. उद्या सकाळी आठ, दोन वेळचा स्वयंपाक, अकरा माणसं. पलीकडून साबियाताईने विचारलं, घरात तीन बायका असून बाई कशाला? सोपानराव म्हणाले, "हाय तसंच काम," आणि फोन ठेवला. कस्तुराने फुगलेली भाकरी उतरवली, गॅस बंद केला, हात धुतले. उरलेल्या पिठाचा गोळा तिने जयमालाच्या समोर ठेवला.

ऑफिसात पोहोचायला चार मिनिटं, कॉपी करायला दोन. पलीकडच्या टेबलावर निळी रेघ अजून निम्म्यावरही नव्हती. कस्तुराने प्रिंटरची तार लॅपटॉपमधून काढून ऑफिसातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली, यादीतून पार्ट निवडला, नग टाकले. करीमने पहिला स्टिकर मोबाइलने वाचून बघितला आणि म्हणाला, "बरोबर आहे वहिनी." अकरा दहाला टेम्पो गेटबाहेर पडला. माल घेतला गेला.

सोमवारी खुर्ची परत खिडकीशेजारी आली. पगारपत्रकात अजून नाव नाही, त्याबद्दल कस्तुराने पुढच्या नडीच्या दिवसाची वाट बघायचं ठरवलं आहे. स्वयंपाकाच्या बाईच्या भाकऱ्या जाड होतात असं सगळ्यांचं मत आहे, आणि कस्तुराचंही. ती त्या चवीने खाते.

मोठ्या कंपनीची माणसं पाहणीला येतात तेव्हा सोपानराव त्यांना जयदीपच्या पडद्यासमोर उभं करतात. लोगो फिरतो. पाहुणे मान डोलावतात. स्टिकर शेजारच्या टेबलावरून निघतात, त्याला जयदीप 'बॅकअप सिस्टिम' म्हणतो. "हे चालवतं कोण?" एकाने मागे विचारलं. "घरचीच हाय," सोपानराव म्हणाले. "सोपं असतंय ते, बटण वढलं की झालं." पण हे म्हणताना त्यांनी आधी मागे वळून कस्तुरा ऐकत नाही ना ते बघून घेतलं.

रविवारचं ते कॅलेंडर पुढच्या व्हर्जनमध्ये बदलणार आहे. तोपर्यंत गुरुवारी, कारखान्याला कुलूप असतं, प्रेस थंड असतात, तेव्हा सकाळी आठच्या ठोक्याला बंद ऑफिसातल्या लॅपटॉपवर लोगो फिरून थांबतो आणि हिरव्या अक्षरांत पाटी येते: आज कामाचा दिवस आहे. संध्याकाळी सहापर्यंत ती तशीच असते.